परक्याच्या हातचं

साहेबांनी कुत्रं पाळलं ते काही मायेपोटी नव्हे. उभा जन्म एका कारखान्याचं भांडार सांभाळण्यात गेला. मूठभर खिळे मागायला आलेल्या माणसालाही ते आधी टेबलासमोर चांगलं ताटकळत ठेवत आणि मग चष्म्यावरून बघत, "हं, बोला," म्हणत. निवृत्त झाले आणि समोर ताटकळायला कुणी उरलं नाही. घरात बायको होती, पण ती प्राथमिक शाळेत शिकवून म्हातारी झालेली. वर्गभर पोरांचा दंगा आवाज न चढवता शांत करणाऱ्या बाईला "ऊठ" म्हटलं, तर ती आधी "कशाला?" असं विचारते. कुत्रं विचारत नाही.

गल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणत आणि तिला बाई. कुत्र्याचं नाव कर्नल. साहेबांचा लष्कराशी संबंध काय म्हणाल, तर कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी माजी सैनिक होता आणि तो त्यांना रोज सलाम ठोकायचा. एवढ्या भांडवलावर माणसाने घरात कर्नल बाळगावा, याचं बाईला हसू यायचं. पण हसून फायदा नव्हता. साहेबांना आपल्याला कुणी हसतंय हे कधी कळतच नसे. देवाने त्यांना ती सोय जन्मतःच करून दिली होती.

पिल्लू मोठ्या पंजांचं, एक कान उभा, एक पडका, असं होतं. सुरुवातीला शिकवायला एक प्रशिक्षक येत असे. तो म्हणाला, "साहेब, ह्याला आत्ताच चार माणसं दाखवा, चार कुत्री दाखवा. सायकली, छत्र्या, रडणारी मुलं, सगळं बघू दे. जो भेटेल त्याच्या हातून एखादा तुकडा खाऊ दे. म्हणजे मोठेपणी घाबरणार नाही आणि चावणार नाही."

"जो सगळ्यांचा, तो कुणाचाच नाही," साहेब म्हणाले आणि त्याला दुसऱ्याच भेटीत वाटेला लावलं.

बाईने समजावून पाहिलं. "अहो, शाळेत पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने कोण भोकाड पसरतं ठाऊक आहे? ज्याला घरच्यांनी कधी कुणाकडे सोडलेलं नसतं तो."

"मुलं वेगळी आणि कुत्रं वेगळं."

ते मात्र खरं होतं. मुलं मोठी होऊन निघून जातात. त्यांची लेक अशीच नोकरीच्या निमित्ताने जी लांब गेली, ती आता फोनमध्येच राहत होती. आणि फोनसुद्धा आईलाच करायची.

मग साहेबांनी स्वतःच विद्या आत्मसात केली. दिवसभर मोबाइलवर कुठल्या कुठल्या पिळदार दंडाच्या माणसांचे व्हिडिओ बघायचे आणि संध्याकाळी कर्नलवर प्रयोग करायचे. फिरायला नेणं म्हणजे कवायत. कुत्र्याने डाव्या पायाला चिकटून चालायचं, साहेब थांबले की बसायचं, इकडेतिकडे बघायचं नाही. खांब हुंगायचा नाही, झुडूप हुंगायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. जरा मान वळली की गळ्यातल्या साखळीला हिसका. बाई म्हणायची, "खांबसुद्धा हुंगू देत नाही, मग बिचाऱ्याने बाहेर जाऊन करायचं काय? हवामान बघायचं?"

गल्लीच्या टोकाला एक मोकळं मैदान होतं. संध्याकाळी तिथं झाडून सगळी पाळीव कुत्री जमत. एकमेकांच्या अंगावर उड्या काय मारत, लोळत काय, चिखल काय उडवत. बेकरीवाली आपल्या भोपळ्याला घेऊन यायची. भोपळ्या म्हणजे नावासारखाच. जातीचा पत्ता नाही, कमरेचा पत्ता नाही. तुटक्या बिस्किटांची पिशवी घेऊन ती बाकावर बसे आणि येईल त्या कुत्र्याला बिस्किट देई. साहेब कर्नलला घेऊन मैदानाच्या कडेकडेने जात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "कुत्री नाहीत, पायपुसणी आहेत ही." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण साहेबांना बघूनच कुणी तरी रचली असावी, असं बाईला वाटे.

हे सगळं एक वेळ खपलं असतं. पण एके दिवशी साहेबांनी कुठंसं पाहिलं की चोर घरात शिरण्याआधी कुत्र्याला विष घालतात. झालं. आता कर्नलने परक्याच्या हातचं खायचं नाही. वास्तविक त्यांच्या घरात चोराने न्यावं असं होतं काय? एक जुनाट टीव्ही आणि भिंतीवर साहेबांच्या निरोप समारंभाचा फोटो. चोर आला असता तर स्वतःच काही ठेवून गेला असता. पण साहेबांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

पद्धत अशी. परक्या माणसाने समोर उभं राहून मांसाचा तुकडा पुढे करायचा. कुत्र्याने तोंड पुढे नेलं की मागून साखळीला हिसका द्यायचा, असा की त्याने पुन्हा तो विचार करू नये. मग मालकाने वाडगं ठेवायचं, "घे" म्हणायचं, आणि तेव्हाच त्याने खायचं. सगळं सोपं, फक्त एक अडचण. परका माणूस मिळेना. मैदानावरच्या प्रत्येकाशी साहेबांचं वाजलेलं. दूधवाला "मला वेळ नाही" म्हणाला. शेजाऱ्याने तर दारच उघडलं नाही.

"तूच उभी राहा," साहेब बाईला म्हणाले.

"मी? मी परकी?"

"अगं, समज परकी. मोकळी तूच आहेस."

आणि बाई उभी राहिली. तिला स्वतःचाच सगळ्यात जास्त राग पुढे आला तो ह्याच गोष्टीचा. जिने एवढ्या पोरांना शिकवलं, जी मुख्याध्यापकांना तोंडावर "हे चुकीचं आहे" म्हणायची, ती रोज संध्याकाळी अंगणात कोंबडीचा तुकडा घेऊन उभी राहायला लागली. का, तर घरात वाद नको. कर्नल शेपटी हलवत यायचा, मान लांबवायचा, आणि खट्कन मागे ओढला जायचा. कधी कळवळायचा. मग हळूहळू शेपटी हलायची थांबली. मग तो यायचाच थांबला. शेवटी शेवटी तिने तुकडा नुसता पुढे केला की तो मान आखडून, डोळे किलकिले करून दुसरीकडे बघायचा.

"बघितलंस? ही शिस्त!" साहेब म्हणाले. त्या दिवशी ते जेवताना गाणं गुणगुणले. आयुष्यात एवढं प्रसन्न तिने त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी साहेबांच्या पोटात अशी कळ उठली की शिस्तबिस्त बाजूला राहिली आणि ते न्हाणीघराच्या दारात आडवे झाले. पित्ताशयात खडे. शस्त्रक्रिया झाली. दोन दिवसांत घरी सोडू म्हणाले, पण जखम चिघळली, ताप चढला, आणि मुक्काम लांबला.

पहिल्या दिवशी कर्नल जेवला नाही. धन्याची आठवण येत असेल, बाईला वाटलं. तिने वाडगं भरून ठेवलं, "घे रे," म्हटलं. तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांच्या आवाजात "घे" म्हणून पाहिलं. तिची तिलाच लाज वाटली, आणि कर्नलने तर मान वळवली. कोंबडी शिजवली, अंडं उकडलं, लेकीने पाठवलेला कुत्र्याच्या खाण्याचा महागडा डबा फोडला. तो पाणी तेवढं प्यायचा, आणि अन्न पुढे आलं की मान आखडायचा. जमिनीवर सांडलेलंही उचलेना. नंतर नंतर पिवळं पिवळं ओकायला लागला. बरगड्या दिसायला लागल्या. पण लाळ गळत होती! भूक होती, वास येत होता, जीव कासावीस होत होता, आणि तरी तो खात नव्हता. असलं आज्ञाधारक जनावर बघून बाईला त्याचाही संताप आला. "मर मग," ती म्हणाली, आणि तासाभराने पुन्हा वाडगं घेऊन त्याच्यापुढे बसली.

जनावरांच्या डॉक्टरांनी घरी येऊन त्याला तपासलं. "आजार काहीच नाही. सलाइन लावतो, पण त्यावर किती दिवस काढणार? अजून असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. साहेबांचा आवाज फोनवरून ऐकवा. त्यांनी 'घे' म्हटलं तर खाईल कदाचित."

बाई तशीच इस्पितळात गेली. साहेब उशांना टेकून बसले होते. इस्पितळातलं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून ती रोज दोन वेळा घरून डबा आणायची. तिने सूप वाटीत ओतून दिलं आणि म्हणाली, "अहो, कर्नल खात नाही. तुम्ही गेल्यापासून एक घास नाही."

साहेबांचा चमचा थांबला. "एक घाससुद्धा नाही?"

"नाही."

"तू दिलास तरी?"

"मी दिला, डॉक्टरांनी दिला. तोंड फिरवतो. वाळून कोळ झालाय."

साहेबांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. तापाने खोल गेलेले डोळे चमकायला लागले. ते शेजारच्या खाटेवरच्या बसचालकाकडे वळले. "ऐकलंत का? माझ्याशिवाय खात नाही! मरेल, पण परक्याच्या हातचं खाणार नाही. ह्याला म्हणतात ट्रेनिंग!"

बसचालक बिचारा काय बोलणार? तो पाय प्लास्टरमध्ये टांगून पडला होता. "अरेरे," म्हणाला.

बाईने पुष्कळ माणसं पाहिली होती. मुलांचे डबे चोरणारा शिपाई पाहिला होता, विद्यार्थ्याला वळ उठेपर्यंत मारून वर त्याच्याच बापाला ऐकवणारा मास्तर पाहिला होता. पण एक मुकं जनावर आपल्यापायी उपाशी मरतंय हे ऐकून ज्याची भूक वाढते असा माणूस तिने पाहिला नव्हता. आणि पाहिला तर तो आपल्याच घरात निघावा! तिला त्यांचा राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

"फोन लावते," ती म्हणाली. "शेजारीण घरी बसलीय त्याच्याजवळ. तुम्ही फक्त 'घे' म्हणा."

"छे! फोनवरून नाही. सगळं ट्रेनिंग बिघडेल. उद्या चोराने माझा आवाज रेकॉर्ड केला तर?"

"अहो, तो मरेल!"

"मरत नाही. मी येईपर्यंत धरेल तग. माझा कर्नल आहे तो." आणि साहेबांनी सुपाचा घोट घेतला. "मीठ कमी आहे ग. आणि ब्रेड नाही आणलास?"

बाईने त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली, सूप परत डब्यात ओतलं आणि झाकण घट्ट लावलं.

"अगं, माझं व्हायचंय अजून!"

"असू दे. तग धरा," ती म्हणाली आणि निघाली. मागून बसचालकाचं हसणं ऐकू आलं.

घरी येऊन तिने उकडलेली अंडी पिशवीत टाकली, कर्नलच्या गळ्यात साखळी अडकवली आणि मैदानाकडे निघाली. तिथं जाऊन काय करणार होती, तिला ठाऊक नव्हतं. पण त्या अंगणात आता एक क्षणही बसायचं नव्हतं. कर्नल वाटेत दोनदा खाली बसला. दर वेळी उठताना तो तिच्या डाव्या पायापाशी नीट येऊन लागायचा.

बेकरीवाली बाकावर होती. "अहो बाई! हा साहेबांचा कर्नल? हाडं दिसतायत की याची!"

बाईने सगळं सांगितलं. भोपळ्या तोवर डुलत डुलत आला आणि कर्नलला पुढून मागून हुंगायला लागला. कर्नल लाकडासारखा उभा राहिला. शेपटी पोटाखाली, अंगाला कंप. दुसरं कुत्रं भेटलं तर काय करायचं असतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"याला साधं भेटताही येत नाही हो," बेकरीवाली म्हणाली. तिने बिस्किट पुढे केलं. कर्नलने मान आखडली, डोळे किलकिले केले. आणि मग त्याने वर पाहिलं. बिस्किटाकडे नाही, बेकरीवालीकडे नाही. बाईच्या हातातल्या साखळीकडे.

तेव्हा बाईला कळलं. हा मालकासाठी झुरत नव्हता. निष्ठाबिष्ठा काही नव्हती. अन्न दिसलं की तो हिसक्याची वाट बघत होता. साखळी साहेबांच्या हातात असो, खुंटीवर असो, नाहीतर नसोच. ह्याच्या मानेत ती कायमची बसली होती. आणि ती बसवताना समोर तुकडा घेऊन कोण उभं होतं?

तिने साखळी काढली.

"पळाला तर?" कुणी तरी म्हणालं.

"पळायला जीव कुठाय त्याच्यात," बेकरीवाली म्हणाली.

बाई गुडघे धरत गवतावर बसली. वर्गात एखादं पोर तोंडच उघडत नसेल तेव्हा ती त्याच्याकडे बघायचीच नाही. शेजारच्याशी गप्पा मारायची. तिने अंडं सोललं, कर्नलकडे पाठ केली, अर्धं भोपळ्याला दिलं, एक तुकडा स्वतः खाल्ला. पुन्हा भोपळ्याला दिलं. भोपळ्याला खाण्याची रीत नव्हतीच; अर्धं पोटात, अर्धं गवतात. बराच वेळ झाला. मग तिच्या कोपरापाशी गरम श्वास लागला. कर्नल गवतातला सांडलेला पिवळा बलक हुंगत होता. त्याने मान खांद्यात ओढून घेतली, डोळे गच्च मिटले आणि जिभेने एक कण उचलला. आणि तसाच, डोळे मिटून, थांबला.

काही झालं नाही.

त्याने एक डोळा उघडला. पुन्हा एक कण. पुन्हा थांबला. बाईने हात मागे नेऊन तळवा उघडा ठेवला. वळून मात्र पाहिलं नाही. तळव्याला ओलं नाक लागलं, मग जीभ, मग दात, आणि मग तो असा काही खायला लागला की तिची बोटं वाचली हेच नशीब. बेकरीवाली "सावकाश रे, ओकशील," म्हणत होती आणि बाई भर मैदानात, चार लोकांसमोर, नाक ओढत रडत होती.

पुढच्या दिवसांत कर्नल रोज मैदानावर गेला. खेळायला काही लगेच जमलं नाही. भोपळ्या पळाला की हा उलट दिशेला पळायचा. कुणी अंगावर उडी मारली की सरळ झोपायचा. पण वाटेतला एकही खांब त्याने हुंगायचा सोडला नाही. बेकरीवालीच्या, दूधवाल्याच्या, शेजाऱ्यांच्या, मिळेल त्याच्या हातचं खाऊ लागला.

साहेब घरी आले. दारातच त्यांनी हाक मारली. कर्नल धावत आला, शेपटी हलवली, त्यांचे पाय हुंगले. आणि त्यांची पिशवी घेऊन मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याकडे जाऊन त्याच्या खिशात नाक घातलं. रिक्षावाल्याने हसत हसत खिशातला खाऱ्या बिस्किटाचा तुकडा दिला. कर्नलने तो खाल्ला.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे कुणी केलं?"

"मी," बाई म्हणाली.

"सगळं मातीत घातलंस! पायपुसणं केलंस त्याचं!" रिक्षावाला गेला तरी ते बोलतच होते. जेवताना बोलले, गोळ्या घेताना बोलले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला टाके घातलेले होते आणि तरी पीळ तस्साच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका हाताने पोट धरून अंगणात उभे राहिले. दुसऱ्या हातात साखळी. "अगं, ऐकलंस का? कोंबडीचे तुकडे आण. पहिल्यापासून सुरू करू. तू अशी समोर उभी राहा."

बाई वाटी घेऊन बाहेर आली. कर्नल तिच्यामागून शेपटी उडवत आला, आणि साखळी दिसताच जागच्या जागी थबकला. त्याची मान हळूहळू खांद्यात गेली.

"मी नाही उभी राहणार," बाई म्हणाली.

"मग परका माणूस आणायचा कुठून?"

"तुम्ही आहात ना." तिने वाटी त्यांच्या हातात ठेवली. "तुम्ही उभे राहा समोर. साखळी द्या इकडे, मी धरते."

साहेब हसले. ती हसली नाही, तेव्हा त्यांचंही हसू ओसरलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं.

"अगं, मी परका कसा?"

"मीही नव्हते," बाई म्हणाली. "तिथं उभी राहून राहून झाले."

साखळीसाठी पुढे केलेला हात तिने मागे घेतला नाही.